अजून एक नवा पार्ट

"रॅम टाकली. एसएसडी टाकली. ग्राफिक कार्डसुद्धा टाकलं… आता मदरबोर्ड बदला म्हणे! वेड लागायचं बाकी आहे मला!"

शेअर ऑटोत, मांडीवर कम्प्युटरचा डबा घेऊन, मी फोनवर मैत्रिणीला ओरडून सांगत होते. मस्तगडच्या वळणावर ऑटो हिंदकळला, डबा घसरला, आणि शेजारच्या मुलाने तो दोन्ही हातांनी झेलला.

"मदरबोर्ड घेऊ नका," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच न्हाई." आणि हसला. हसू छान होतं… पण माझा राग काही कमी नव्हता.

नाव भुजंग. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. "आमच्याकडं एवढी धूळ, तरी बारा वर्षाचा कम्प्युटर चालून राह्यला. तुमचाच कामून बंद पडतो? रविवारी सुट्टी हाय मला. उघडून बघतो."

रागारागातच मी पत्ता दिला. करणार काय? मी घरी बसून बियाण्यांच्या पाकिटांची डिझाइनं करते. सोमवारपर्यंत कपाशीची आठ पाकिटं गेली नाहीत, तर माझी एकुलती एक मोठी पार्टी हातची जाणार होती. आणि मशीन दर वीस मिनिटांनी तापून बंद! दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, नवा पार्ट टाका ताई. टाकला, की मशीन आधीपेक्षा जास्त तापायचं.

रविवारी भुजंग आला. स्क्रू काढले, प्रोसेसरवरचा पंखा उचलला… आणि थांबला.

"हे… कुंकू हाय का?"

पंख्याखाली हळद-कुंकवाचा थर. त्यात तांदळाचे दाणे. झेंडूची पाकळीसुद्धा!

"आई!"

आई स्वयंपाकघरातून आली. "मंग? घरात नवी वस्तू आल्ती ना, शिवकन्ये! रॅमची पूजा केली, कार्डाची केली. वरच्या जाळीवर वाहिलं थोडं थोडं. त्याच्यावर तुझं पोट हाय, पूजा न्हाई करायची का?"

म्हणजे मी पार्ट आणायचा, आईने पूजा करायची, मशीन तापायचं, दुकानदाराने पंखा न उचलताच नवा पार्ट सांगायचा, की मी परत पार्ट आणायचा. वर्षभर! मी डोकं धरून खालीच बसले.

"हसायचं नाही हं," मी भुजंगला बजावलं.

"बिलकुल न्हाई हसून राह्यलो." खांदे मात्र गदगदत होते.

पंखा साफ झाला, मशीन सुरू झालं, आणि बंद पडेचना. मी कामाला बसले. तो मागे डब्याचं झाकण ब्रशने घासत बसला. मी वळून बघितलं की झाकणाकडे बघायचा… मी स्क्रीनकडे वळले की त्याची नजर मला मानेवर जाणवायची. बाई गं, डिझाइन करू की काय करू! चार वाजता आठवं पाकीट गेलं. पाचच मिनिटांत पार्टीचा निरोप आला, सगळी पास. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि हा उठून चपला घालायला लागला!

"परत कधी येणार?"

"बिघडला तर."

"आणि नाही बिघडला तर?"

"मंग… कशाला बोलावणार तुम्ही मला?"

आता मात्र हद्द झाली.

"अहो, मशीन गेलं खड्ड्यात! मला तुम्ही आवडता. एवढं सरळ कळत नाही?"

एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उभा राहिला तो. कान लालभडक.

"हे आधी सांगायचं ना…" तो पुटपुटला. "झाकण पाच मिनिटांतच साफ झाल्तं. तीन तास नुसताच ब्रश फिरवून राह्यलो मी."