चार वेढे जास्त

"चार वेढे जास्त! कोणाला विचारून, ताई?"

उघडलेली मोटर टेबलावर आदळत धाकटा इंजिनिअर भाऊ गरजला आणि वाइंडिंगच्या खोलीत तार गुंडाळणारे सारे हात थबकले... ताईने मात्र तांब्याच्या तारेचं टोक बोटांतून सोडलं नाही. उद्या साठ मोटरींची तपासणी होती. त्या तपासणीत टिकल्या तर कारखान्याचं नाव होणार होतं, नाहीतर भावाची बारा वर्षांची मेहनत पाण्यात!

"ड्रॉइंगमध्ये बेचाळीस आहेत. तू सेहेचाळीस घातलेस?"

"साठही मोटरींत," ताई शांतपणे म्हणाली.

"गणितात नापास झालेल्या माणसाने निदान..."

पुढचे शब्द त्याने गिळले, पण घाव बसायचा तो बसलाच. त्याला सांभाळण्यापायी ताईची शाळा उशिरा सुरू झाली, म्हणून दोघं एकाच वर्गात! गावाकडच्या त्या एकुलत्या खोलीत पुस्तकही दोघांत एकच. तो सरळ बाजूने वाचायचा, ती समोर बसून उलटं. शेवटचा निकाल आणायला तीच एकटी चालत गेली होती, आणि परत आल्यावर हसत म्हणाली होती, "तू पास, मी नापास..."

भावाने हट्टाने एक मोटर ड्रॉइंगप्रमाणे गुंडाळून घेतली आणि चालू केली. अर्ध्या तासात ती तव्यासारखी तापली, वार्निशचा करपट वास सुटला. शेजारी ताईची मोटर फिरत होती. तिच्यावर खुशाल तळहात ठेवावा!

त्याने घाईघाईने ड्रॉइंग पसरलं. ताईने टेबलापलीकडूनच बोट टेकवलं.

"मोटरीच्या गाभ्यातला पत्र्यांचा गठ्ठा अर्ध्या इंचाने कमी केलास. लोखंड घटलं, की वेढे वाढायला हवेत. इथे जुनाच आकडा राहिलाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा आले होते. तू म्हणालास, ताई, यात लुडबुड नको."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. कागदावरचा बारीक आकडा ती उलट्या बाजूने वाचत होती... अगदी पूर्वीसारखी!

"ताई, तू नापास झालीसच कशी?"

दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या आईला आता राहवेना.

"कसली नापास! शाळेत पहिली आली होती ती! एकालाच शिकवण्याची ऐपत होती रे आपली... मला शपथ घातली होती हिने!"

"मला का फसवलंस, ताई?"

"खरं सांगितलं असतं, तर गेला असतास शिकायला?"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ताईने पदराने ते पुसलं. तिच्या मनात रागाचा लवलेशही नव्हता. होता तो निव्वळ अभिमान... आपल्या भावाने उभारलेल्या या कारखान्याचा, आणि आज प्रथमच, थोडासा स्वतःचाही!

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासले' असा चौकोन होता. बारा वर्षं तिथे त्याचीच सही असायची. त्याने पेन तिच्यापुढे धरलं.

"कर सही."

ताईने पेन परत सारलं. "आधी बेचाळीस खोड. चुकीच्या कागदावर मी सही करत नाही."

सगळी खोली हसली. त्याने निमूटपणे आकडा दुरुस्त केला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच कागद फिरवून ताईच्या बाजूने सरळ केला.