जुळदीप

प्रयोगशाळेच्या टेबलावर 'जुळदीप' नावाचं यंत्र ठेवलं होतं. नवरा-बायकोनं एकमेकांना ऐकू न जाता आपापल्या वाचाग्राहकात, म्हणजे माइकमध्ये, बोलायचं. यंत्र विचारी, शय्येवर अमुक नवं करून पाहायचंय का? दोघांनाही हवं असेल तरच दिवा लागे. एकालाच हवं असेल, तर ती इच्छा यंत्राच्या पोटातच राही.

"मागच्या चाचणीत सगळ्याच प्रश्नांना दिवे लागले," संख्याशास्त्रज्ञ फरीदा मुजावर म्हणाली, "आणि जोडपी तोंडं पाडून परत आली."

"कारण आपण 'चालेल'ला होकार धरला," यंत्र बनवणारी मृण्मयी उपाध्ये म्हणाली. "त्याला वाटलं तिला हवंय, तिला वाटलं त्याला. हवं कुणालाच नव्हतं! आता 'चालेल' म्हणजे नकार. फक्त 'हवंय' मोजायचं."

"तरी एक भोक राहतंच, बाई. ज्यानं 'हवंय' म्हटलं आणि दिवा लागला नाही, त्याला समोरच्याचा नकार कळणारच."

"इतका विचार कोण करत बसतं?" मृण्मयी हसली.

त्याच संध्याकाळी यंत्र घरी नेल्यावर ती स्वतःच तो विचार करत बसली. खरं तर हे यंत्र तिनं स्वतःसाठीच बनवलं होतं. नवऱ्याला, हेरंबला, तोंडानं विचारायचा धीर तिला कधीच झाला नव्हता. ओढणीनं डोळे बांधून? या प्रश्नाला तिनं हळूच 'हवंय' म्हटलं. दिवा लागला नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय गं, गप्प का?" हेरंबनं विचारलं.

"तू नाही म्हणालास."

"मी? मी तर 'चालेल' म्हणालो!"

"म्हणजे नाहीच."

हेरंब गोंधळला. "अगं, तुला पाहून आलो तेव्हा आईनं विचारलं, मुलगी कशी वाटली? तेव्हाही मी 'चालेल'च म्हणालो. आणि मग तुमचा होकार येईपर्यंत आठवडाभर घास उतरत नव्हता मला! आमच्या घरी 'हवंय' फक्त हट्टी पोरं म्हणायची."

मृण्मयीला हसू आणि रडू एकदमच आलं. "मग आता नीट सांग. तुला हवंय, की माझ्यासाठी चालेल?"

"हवंय. पण माझे डोळे नको बांधूस. अंधारात जीव घाबरतो माझा."

लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून 'नको' ती पहिल्यांदाच ऐकत होती. त्यामुळेच त्याचं 'हवंय' तिला खरं वाटलं.

"मग माझे बांध. चालेल?"

"चालेल काय," हेरंब म्हणाला, "पळेल!"

टेबलावरचा दिवा लागला नाही. हा शब्द त्याच्या कोशात नव्हता.