भिंतीकडचा बोळ

थिबो, भट्टीत दोन ओंडके टाक आणि खाली बस. मेपलच्या झाडांचा रस अजून तासभर तरी उकळेल. तुमच्या मोबाइलला इथं रेंज नाही, म्हणून तर या म्हाताऱ्याची आठवण झाली तुम्हाला! भुताची गोष्ट हवी? अरे, मी भुतंबितं मानत नाही. मी आपलं गाएतानचं काय झालं ते सांगतो. तुम्ही दोघांनी पाहिलंय त्याला. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याची खेचायचा, तो टकल्या. मागच्या नोव्हेंबरात गेला बिचारा, झोपेतच. देव त्याला शांती देवो.

दोन हजार एकोणीसचा जानेवारी. सतरा तारीख, गुरुवार.

गाएतान तेव्हा सहकारी गोदामात होता. गावोगावचा मेपलचा पाक पिंपांत भरून तिथं येतो. भरलेलं एक पिंप पावणेतीनशे किलोचं. एका पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, चार पिंपं, आणि असे चार पॅलेट एकावर एक. रांगा इतक्या ठासून की उंदरालाही वाट काढावी लागते. फक्त भिंतीकडं, माणूस आडवा होऊन सरकेल एवढा बोळ सोडलेला असतो, गळती बघायला. पुढं भिंत, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पिंपं. माल फार झाला की बोळाचं तोंडसुद्धा पिंपांनी बंद करतात.

म्हणून एक रीत होती. बोळात शिरणाऱ्यानं आपली टोपी तोंडाशी खिळ्याला अडकवायची. खिळ्यावर टोपी म्हणजे आत माणूस. पाटी नाही, शिट्टी नाही, टोपी! जुन्या गोदामात मी होतो तेव्हापासूनची रीत. नवं गोदाम बांधलं तेव्हा पहिला खिळा मीच ठोकला.

त्या रात्री साडेआठ वाजले होते. पहाटे पाचला ट्रक यायचा होता. फोर्कलिफ्टवर लेओनिद होता, कानात हॉकीची कॉमेंट्री लावून.

"लेओनिद, भिंतीकडच्या रांगेत एक पिंप पाझरतंय. बूच आवळून येतो."

"ये. पण मी थांबणार नाही हं. तिसरा डाव घरी बघायचाय मला."

"तू लग्नात बायकोसाठी थांबला नाहीस, माझ्यासाठी कशाला थांबशील?"

लेओनिदनं हे ऐकलंच नाही. कानात ते इयरफोनचं बोंड होतं ना.

गाएतान खिळ्यापाशी आला. बाहेर उणे सत्तावीस, आणि गोदामाला शेगडी नाही. पाक गोठत नाही, मग माणसांसाठी कोण पैसे घालवणार! डोक्यावर योलांदनं, म्हणजे बायकोनं विणलेली लाल कानटोपी. त्यानं हात टोपीला लावला. आणि टक्कल आठवलं.

"म्हणजे टोपी घालूनच गेला?"

घालूनच गेला, एलोदी. तुझ्या डोक्यावर गवताची गंजी आहे, तुला काय कळणार? दोन मिनिटांचं तर काम, असं वाटलं त्याला. तीस वर्षं इतरांना त्या टोपीवरून शिव्या घालणारा माणूस, आणि चुकला तो नेमका त्याच बाबतीत.

बूच अगदी टोकाला होतं. तो पान्यानं आवळतोय, तोवर तिकडं लेओनिदनं खिळा बघितला. मोकळा. म्हणजे गाएतान काम आटपून गेला, असं त्यानं धरलं. त्यानं पॅलेट उचलले आणि बोळाच्या तोंडाशी लावले. एकावर एक, चार. दिवे मालवले. दाराला कुलूप घातलं. गेला.

गाएताननं हाका मारल्या. मग आईबहिणीवरून मारल्या. मग देवाच्या नावानं मारल्या. फोन जाकिटात, आणि बोळात अडकतं म्हणून जाकीट ऑफिसात. योलांद तिच्या बहिणीकडं गेलेली, म्हणजे तो घरी नाही हे कळायलाच कुणी नव्हतं. वर चढायला बघितलं, तर गुळगुळीत पत्र्यावर बर्फाचा पातळ थर. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा गुडघा फुटला. खांदे भिंतीत आणि पिंपांत अडकलेले, धड बसताही येईना. अंगात नुसता स्वेटर. उणे सत्तावीसमध्ये पहाटेपर्यंत स्वेटरवर उभा राहून जगलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यालाही ते ठाऊक होतं. मला म्हणाला, "ओविला, मी रडलो रे. चक्क रडलो."

हे त्यानं मला एकदाच सांगितलं, नदीच्या बर्फावर मासे धरायला बसलो होतो तेव्हा. नंतर पुन्हा विषय काढला नाही.

मग तो पान्यानं पिंप बडवायला लागला. भरलेलं पिंप म्हणजे काय, ठप्प. आवाज तिथल्या तिथंच मरतो. बडवून बडवून हात गेला. थांबला.

आणि बोळाच्या टोकाकडून आवाज आला.

टण्ण.

"लेओनिद?"

टण्ण.

भरलेलं पिंप असं वाजत नाही, पोरांनो. रिकामं वाजतं. आणि त्या रांगेतलं प्रत्येक पिंप त्यानं स्वतः काट्यावर चढवलेलं. एकही रिकामं नव्हतं.

टोकाकडं भिंत. नुसती भिंत. आत्ताच तर तिथून आला होता तो.

टण्ण... एक पिंप जवळ.

तो मागं सरकला. बंद तोंडाकडं.

टण्ण... आणखी एक.

"कोण आहे?"

पाठ पॅलेटला टेकली. मागं जागा संपली. अंधार इतका की डोळे उघडे काय, मिटलेले काय.

टण्ण. कानाशेजारच्या पिंपावर.

मग काही नाही.

वास आला. आपल्या या कढईचा येतोय ना, तसा. उकळत्या पाकाचा. त्या गोठलेल्या गोदामात...

मग टोपी हलली.

ओढली नाही कुणी. सावकाश वर उचलली. आधी एक कान मोकळा झाला. मग दुसरा...

टाळूला गार हवा लागली.

ओरडायला तोंड उघडलं.

आणि मग... त्याचा उजवा हात कुणीतरी हातात घेतला.

...

थिबो, बस खाली. दाराकडं काय बघतोस? वारा आहे.

पहाटे पावणेपाचला लेओनिद आला. दिवे लावले. समोर खिळ्यावर लाल कानटोपी. बाहेरच्या बाजूला, पिंपांच्या अलीकडं. तो मला शपथेवर सांगतो, "काका, रात्री खिळा मोकळा होता. मी बघितला होता. दोनदा." त्यानं फोर्कलिफ्ट अशी पळवली की पहिला पॅलेट कलंडला आणि जमिनीवर पाकाचं तळं झालं.

गाएतान आत उभाच होता. उघडं टक्कल, पापण्यांवर बर्फ. जिवंत. डॉक्टर म्हणाले, एवढ्या थंडीत हा वाचायलाच नको होता. आणि मग विचारलं, "यानं हात कुठल्या भट्टीत घातला?"

उजव्या हाताच्या पाठीवर भाजलं होतं. चार बोटांचे चार पट्टे. अंगठ्याचा नाही. तळवा उलटून बघितला, तिथंही नाही.

"त्या गोदामात कुणी मेलं होतं का?"

हाच प्रश्न मीही सगळ्यांना विचारला, एलोदी. कुणी नाही. इमारत नवी, खाली जमीन म्हणजे बटाट्याचं शेत. अपघात नाही, गळफास नाही, काही म्हणजे काही नाही. असतं तर मला बरं वाटलं असतं.

गाएतान त्यानंतर साडेपाच-सहा वर्षं जगला. नातू बघितला. पायऱ्यांवर उभा राहून सगळ्यांची खेचली. हात मात्र कुणाला द्यायचा नाही. ओळखीचा भेटला तरी खिशातच. मी चिडायचो. म्हणायचो, "टकल्या, मोठा साहेब झालास काय रे?" तो नुसता हसायचा.

नोव्हेंबरात त्याला शवपेटीत बघितलं. कोट, टाय, छातीवर जपमाळ, एकावर एक ठेवलेले हात. तीन दिवस झाले होते जाऊन. योलांद कोपऱ्यात बायकांबरोबर बसली होती. मी वाकलो आणि म्हटलं, आता तरी दे लेका हात.

डावा धरला. गार. दगड. कपाळाला हात लावला. दगड.

मग उजव्यावर ठेवला, त्या चार पट्ट्यांवर...

पटकन काढून घेतला. पोळला.