आठवी मूठ

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. आधी मीही ठेवला नव्हता.

पण हे घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या, हेमांगीच्या बाबतीत. आणि हेमांगीला थापा मारणं कधी जमलंच नाही. उभ्या आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली. एकाच शब्दाचं खोटं.

गेल्या वर्षीचा श्रावण. गाव शहादा. वेळ दुपारी तीनची.

हो, दुपारचीच. भुतांना रात्रच लागते हे कुणी ठरवलं, देव जाणे.

हेमांगी तिथल्या एका कलाभवनात काम करते. जुन्या कापूस-जिनिंगच्या गोदामाला रंग देऊन केलेलं. चित्रं, गाणी, नाटकाच्या तालमी, सगळं तिथंच. श्रावणात तिनं कानबाईचं प्रदर्शन मांडलं होतं.

कानबाई म्हणजे आम्हा खान्देशी माणसांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मापायची आमच्याकडे एक रीत आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला त्यातला घास द्यायचा नाही.

शुक्रवारी शाळेच्या मुलींना ही रीत करून दाखवायची होती. त्यासाठी तापीकाठच्या एका गावाहून जसोदाबाई येणार होत्या. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सत्तरीच्या बाई, सगळ्या रीती तोंडपाठ.

त्यांची बस आलीच नाही.

चाळीस मुली सतरंजीवर चुळबुळ करत बसलेल्या. शेवटी हेमांगीच परातीपुढं बसली.

पण नावं कुणाची घ्यायची? घरच्यांची नावं अशी परक्या जागी घेणं तिला बरं वाटेना. तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं एक जुना फोटो होता. डफ घेऊन बसलेले सात जण. कानबाईच्या वह्या, म्हणजे तिची गाणी, गाणारं पथक. खाली सातांची नावं लिहिलेली. साठ वर्षांपूर्वीचे लोक, कधीच गेलेले.

मेलेल्यांना काय फरक पडतो, तिला वाटलं.

"बन्सीलाल." सव्वा मूठ. पुढचं नाव. सव्वा मूठ. असं करत सातवं, "नवनीत." सव्वा मूठ.

आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं…

"धीरज."

सव्वा मूठ गहू परातीत पडलेसुद्धा.

धीरज तिचा धाकटा भाऊ. तीन बहिणींच्या पाठीवर झालेला. म्हसावदच्या घरी मावशी दरवर्षी गहू मापते तेव्हा शेवटचं नाव त्याचंच असतं. लहानपणापासून ऐकून ऐकून जीभ तिथंच जाऊन थांबली. सवय, दुसरं काय!

मुलींनी टाळ्या वाजवल्या. हेमांगीनं घाईघाईनं परात बाजूला सारली.

मुली गेल्या आणि जसोदाबाई आल्या. घामाघूम. त्यांनी परात पाहिली. मग फोटो पाहिला.

"नावं कोनी लिधात?"

"मीच, आजी. फोटोतली घेतली."

जसोदाबाई फोटोजवळ गेल्या. पहिल्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं.

"हाऊ मन्हा बाप शे, माय."

हेमांगीनं खालचं नाव पुन्हा वाचलं, बन्सीलाल.

"रातभर दुसरास्ना दारे वह्या गायात. रोट कोनी दिधा नही. परकास्ले देतस नही ना. सकायले घर जेवाले निंघनात… आन तापीमा डोंगी बुडनी. सातीजण भुक्याच गयात." म्हातारीचा आवाज कोरडा होता. "नाव घीसन मूठ टाकी का तो माणूस त्या परातना भाऊबंद व्हई जास. मंग त्याले तठेच जेवनं पडस. कितला नावं लिधात?"

"सात."

"सातच ना?"

"सातच."

हेच ते खोटं. लाजेपायी बोलली, की आठवं नाव पुन्हा उच्चारायची भीती वाटली म्हणून, हे तिला अजून सांगता येत नाही.

जसोदाबाईंनी उपाय सांगितला. त्याच गव्हाचे सात रोट करायचे. रविवारी भर दुपारी फोटोपुढं सात पत्रावळी वाढायच्या आणि दार लावून घ्यायचं. जेवतील, तृप्त होतील, जातील.

हेमांगीनं तसंच केलं. पीठ आठांचं होतं, रोट तिनं सातच केले. आठवा केलाच नाही तर आठवं नावही पुसलं जाईल, असं तिनं मनाला समजावलं.

रविवार. कलाभवन बंद. राखणदार रूपसिंग तेवढा पायरीवर बसलेला. हा तिकडं वर सातपुड्यातला, धडगावकडचा. कधी फालतू बोलायचा नाही.

तिनं एकाला एक लागून सात पत्रावळी मांडल्या. एकेक रोट ठेवला. हात जोडले, बाहेर आली आणि कडी लावली.

बराच वेळ काहीच नाही.

मग आतून आली… डफावर एक थाप.

एकच.

रूपसिंगनं विडी विझवली. "ताई, आत कोण आहे?"

हेमांगीनं नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

मग पत्रावळींची सळसळ. चावल्याचा आवाज. घाईघाईनं, अधाशासारखा. कोणी बोलत नव्हतं. फार दिवसांच्या भुकेला बोलायला कुठली सवड?

मग सगळं शांत झालं. संपलं, असं वाटून तिनं सुस्कारा सोडला.

आणि तेवढ्यात…

सरकल्याचा आवाज. भरल्या पंगतीत उशिरा आलेल्यासाठी माणसं सरकून बसतात ना, तसा.

तिनं कडी काढली.

सातही पत्रावळी चाटूनपुसून साफ. पण त्या आता एकाला एक लागून नव्हत्या. चार इकडं, तीन तिकडं. मधे एक जागा सोडलेली. तिथं फरशीवर पाणी शिंपडलेलं. आणि त्या ओल्या फरशीवर…

सात घास.

प्रत्येकानं आपापल्या रोटातला एकेक काढून ठेवला होता. आठव्या भावासाठी.

तिनं दारातच तोंड फिरवलं आणि धीरजला फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मावशीनं उचलला.

"तो झोपेल शे व. रोट खाल्ला नही, तसाच उपाशी झोपना."

"आई, उठाड त्याले! आत्तेच उठाड!"

"उठस नही ना. कवयनी हाका मारी ऱ्हायनू."

हेमांगीनं मागं वळून पाहिलं.

घास नव्हते. फरशी ओली होती आणि मधली जागा रिकामी.

रूपसिंग दाराला हात लावून उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला. "कोणी आत गेलं नाही, ताई. मी इथंच होतो."

तिकडून फोनवर मावशी म्हणाली, "उठना, उठना. डोया उघाडात त्यानी."

म्हसावदला पोचेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. धीरज ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला. पुढं वाढलेलं ताट. त्यानं ते हातानं बाजूला सारलं.

"पोट भरेल शे, माय. मी जेई उनू."

"कोठे जेवना?" हेमांगीनं विचारलं.

"माहीत नही. सात जण व्हतात. सरकीसन माले जागा दिधी." तो जरा हसला. "माले भाऊ म्हनेत."



त्याला आता वर्ष झालं.

धीरज जिवंत आहे. पण बैलासारखा राबणारा, एका बैठकीला सहा भाकरी हाणणारा गडी आता चार पावलं चालला की धापा टाकतो. नंदुरबारला दाखवलं, सुरतेला दाखवलं. रिपोर्ट सगळे चांगले. खायला दिलं की दोन घास कसेबसे गिळतो आणि तेच उत्तर देतो. पोट भरेल शे.

हेमांगीनं जसोदाबाईंना खरं सांगितलं. खूप उशिरा सांगितलं. म्हातारी चिडली नाही, हे तिला जास्त लागलं.

"तवयच सांगती व्हतीस तं आठवा रोट घर लई जाईसन त्याले चारता उना व्हता," एवढंच त्या म्हणाल्या. "आते मूठ मांघे घेता येस नही."

फोटो उतरवला. कपाटात बंद केला. काही उपयोग नाही.

या वर्षीची कानबाई जवळ आली. परवा मावशी गहू मापायला बसली. एकेक नाव, एकेक सव्वा मूठ. शेवटी धीरजचं नाव घेतलं आणि मूठ परातीवर नेली…

खाटेवरून धीरज हळूच म्हणाला,

"माय, मन्ही मूठ आठे नको टाकू. त्या सातीजण तठे वाट देखी ऱ्हायनात."

मावशीची मूठ तशीच हवेत राहिली. गहू पडले नाहीत.

आज सकाळी हेमांगीचा फोन आला. रडत नव्हती. रडून झालं होतं बहुतेक. म्हणाली, घरी वाढलं तर त्याच्या घशाखाली उतरत नाही. कलाभवनात वाढलं तर तो पोटभर जेवेल. पण त्या पंगतीतून उठून परत येईल का?

"दादा, तूच सांग. मी त्यान्हं पान कोठे वाढू?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

कानबाईचा रविवार उद्या आहे.