काशीरामची पेज

मुलुंडच्या त्या हॉस्पिसमध्ये रोगी बरा करून देण्याच्या बाता कोणी मारत नाही. तिथे दुखणं कमी करतात, अंग पुसतात, आणि रोज जेवणाआधी नर्स मनाली खाटेखाटेशी जाऊन विचारते, "आज काय खावंसं वाटतंय?" गिळता येत नसलं तरी विचारते. इच्छा मागे राहिली तर पिंडाला कावळा शिवत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. मग जिवंतपणीच विचारलं तर बिघडलं कुठे?

कणकवलीकडच्या काशीराम परबला हे फार आवडायचं. उभा जन्म गिरणीत आणि मग वॉचमनकीत गेला. असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. "पेज," तो म्हणायचा, "नि भाजललो सुको बांगडो." स्वयंपाकी मुकुल खरंच बांगडा भाजायचा. अख्खा वॉर्ड नाक मुरडायचा आणि काशीराम जिभेला नुसती चव लावून खूश!

पण आणखी एक जण विचारायला यायची. दुपारी पडदे ओढले, सगळे डुलकीत गेले, की फिनेलच्या वासात हळूच चुलीचा धूर मिसळायचा... आणि काष्टी लुगडं नेसलेली एक म्हातारी अनवाणी आत यायची. शेजारच्या भाऊरावांना तिने विचारलं, तेव्हा काशीराम जागाच होता.

"मले भाकर अन् ठेचा दे, माय," भाऊराव म्हणाले.

संध्याकाळी ते गेले. शांतपणे, हसऱ्या तोंडानं. महिनाभर नळीवर असलेला माणूस, पण त्यांचं तोंड पुसताना ओठांना लागलेला ठेचा बघून मनाली थबकली.

"काका, यांना ठेचा कुणी दिला?"

"ती मावशी... काष्टीवाली."

"आमच्याकडे तशी कुणी मावशी नाहीये हो, काका," ती हळूच म्हणाली.

तेव्हापासून म्हातारी आली की काशीराम ओठ गच्च मिटून घ्यायचा. "काय होया, झिला?" ती मायेनं विचारायची. मरणाची भीती नव्हती त्याला, खोटं कशाला बोला! दुखण्यानं तर जीव नकोसा झाला होता. पण एकुलती लेक श्रुतिका दुबईला नोकरीला. तिला डोळे भरून बघितल्याशिवाय त्याला जायचं नव्हतं.

शनिवारी दुपारी श्रुतिका आली. बॅग दारातच टाकून बापाच्या गळ्यात पडली, रडली, मग त्याच्यावरच खेकसली, "किती वाळलात बाबा! आधी का नाही कळवलंत?" काशीरामचा जीव निवला. आता खुशाल पेज मागायची, त्यानं ठरवलं.

"माणसं किती चांगली आहेत ना इथली," डोळे पुसत श्रुतिका म्हणाली. "जिन्यात एक आजी भेटल्या. काय हवं म्हणून विचारलं. मला काही नको होतं, पण तुम्हीच शिकवलंय, खाण्यापिण्याला नाही म्हणू नये... चहा सांगितला."

काशीरामनं तिचं मनगट धरलं. "कसली आजी?... काष्टी नेसलेली?"

"हो. का?"

धुराचा वास आला. म्हातारी खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी होती. श्रुतिका तिच्याच दिशेला बघत होती, पण आता तिला कोणी दिसत नव्हतं.

"माका पेज दी, आये... आधी माका!" काशीरामनं हात जोडले. "पण तिका चाय देव नको. तिका म्हायत नाय गो..."

"बाबा, कुणाशी बोलताय?"

म्हातारीनं वाटी त्याच्या ओठांना लावली. गरम, मीठ घातलेली, उकड्या तांदळाची पेज. इतक्या दिवसांनी घोट सरळ घशाखाली उतरला आणि कमरेतली कळ थांबली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, मनाली पुसायची तितक्याच हळुवार हातानं.

"रडू नको," ती म्हणाली. "आज मी तिका चाय दिवचंय नाय."

आज नाही, तर कधी... हे काशीरामला विचारायचं होतं. पण दुसरा घोट तोंडात होता.