डाव्या पायाचा ब्रेक

पेट्रोल भरून झालं तरी बाई पंपावरच रेंगाळल्या. सकाळचं ऊन छान पडलं होतं. चेन जरा सैल वाटत होती म्हणून त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पाना काढला आणि पायरीवर बसून निवांत नट फिरवायला लागल्या. राइडचा दुसरा दिवस होता. आदला दिवस आणि रात्रीचा मोठा भाग सीटवरच गेला होता. कंबर केव्हाच बोलायला लागली होती, पण मन मात्र कधी नव्हे इतकं मोकळं होतं.

बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या, म्हणून त्यांना सगळे बाईच म्हणत. अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. अर्धं आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर गेलेलं. स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात, जीव आपला, आणि शिकवणाऱ्यासाठी पायाखाली बसवलेला तेवढा एक जादा ब्रेक. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायच्या. भाऊ वाईट नव्हता, भावजयही नाही. पण जेवताना बाईंनी काही सांगायला घेतलं की नेमका कुणाचा तरी फोन वाजायचा, आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहायचं ते राहायचंच.

वडिलांची मोटरसायकल त्यांनी स्वतः खोलून, पिस्टनच्या रिंगा बदलून, रस्त्यावर आणली. या जुन्या गाड्यांची लांब पल्ल्याची राइड निघतेय असं कळल्यावर त्यांनी नाव दिलं. भाऊ म्हणाला, "ताई, या वयात कशाला नसती उठाठेव?" बाई म्हणाल्या, "मग कोणत्या वयात?" त्याचा फोन वाजत होता.

"बाई, जरा माझ्या गाडीकडे बघता का?"

राइडमधलाच एक दातांचा डॉक्टर होता. तिशीतला, बोलका, कालपासून सगळ्यांना हसवत होता. त्याचीही गाडी त्याच बनावटीची, तेवढीच जुनी. आताच्या गाड्यांच्या उलट, उजव्या पायाला गियर, डाव्या पायाला मागचा ब्रेक.

"मागचा ब्रेक मधेच धरतोय. मी पाय लावत नाही आणि गाडी आपोआप हळू होते."

बाईंनी चाक फिरवून बघितलं. मोकळं होतं. पेडल दाबून सोडलं, तेही व्यवस्थित परत आलं. "काही नाहीये रे. रात्रभर झोपला नाहीस, पाय तूच ठेवत असशील."

"असेन," डॉक्टर हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत काही गेलं नाही. "दात दुखला तर सांगा, मोफत काढून देईन," असं म्हणून त्यानं किक मारली आणि तो पुढे निघून गेला. बाकीचे तर केव्हाच गेले होते. मागून येणारी मदतीची गाडी बंद पडलेल्या एका मोटरसायकलला घेऊन माघारी वळली होती. म्हणजे रस्त्यावर सगळ्यात शेवटी आता बाईच होत्या.

दुपारी घाट लागला. चढाला सुरुवात झाली तसं ऊन विझत गेलं, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर धुकं आडवं आलं. असं दाट, की हँडलच्या पुढचं जगच कुणीतरी पुसून टाकलेलं. ओल्या मातीचा वास, त्यात क्लच प्लेट तापल्याचा हलका करपट वास. आवाज फक्त इंजिनचा. धुक्यात तो लांब जातच नव्हता, अंगालाच चिकटून राहत होता.

आणि तिथंच गाडी हळू झाली.

बाईंनी आधी मूठ पिळली. गाडी ओढेना. मग मागून ओळखीचा आवाज आला, ब्रेकचे लायनर ड्रमला घासल्याचा. त्यांनी खाली बघितलं. त्यांचा डावा बूट फूटरेस्टवर होता, ब्रेकपासून चांगला दूर. आणि पेडल खाली गेलेलं होतं.

गाडी थांबली. समोर हातभर अंतरावर, रस्त्याच्या मधोमध, डोंगरातून सुटलेला एक दगड पडला होता. भलाथोरला.

पेडल आपोआप वर आलं.

भीती वाटली नाही, असं बाईंना स्वतःलाच आश्चर्यानं जाणवलं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. शेजारी बसून, दुसऱ्याच्या लक्षात यायच्या आत हळूच पाय दाबायचा. त्यांच्यासाठी असा पाय कुणी दाबला नव्हता. वडील गेल्यापासून तर नाहीच.

"बरं झालं," त्या धुक्याला म्हणाल्या. आपलाच आवाज ऐकून थोड्या ओशाळल्या, आणि दगडाला वळसा घालून पुढे निघाल्या.

पुन्हा एकदा ब्रेक लागला. या वेळी कठडा तुटलेल्या जागी. मग आणखी एकदा, कशासाठी ते कळलंच नाही. पण बाई आता बोलत होत्या. कमरेबद्दल, खोलीच्या गळक्या खिडकीबद्दल, रिव्हर्स घेताना डोळे मिटून घेणाऱ्या एका विद्यार्थिनीबद्दल. वाक्यं पूर्ण करत होत्या. मधे कुणाचा फोन वाजत नव्हता.

खिंड ओलांडून उतार लागला, आणि पहिल्याच वळणाला पेडल एकदम तळाला गेलं. मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी घसरत गेली. बाईंनी पाय टेकवून ती कशीबशी सावरली. इंजिन बंद पडलं. शांतता झाली, आणि त्या शांततेत खालून कुणीतरी कण्हलं.

डॉक्टर रस्त्याच्या कडेच्या चरात पडला होता. पाय गाडीखाली. बाईंनी सगळा जोर लावून गाडी उचलली, त्याला ओढून बाजूला घेतलं. नडगी मोडलेली दिसतच होती. ओठ निळे पडले होते. त्यांनी आपला रेनकोट त्याच्यावर घातला, त्याचं डोकं बॅगेवर ठेवलं, आणि फोन काढला. रेंज नव्हती.

"बाई... ब्रेक मी मारला नाही."

"बोलू नकोस आता."

"नाही, ऐका ना..." त्यानं त्यांचं मनगट पकडलं. "सकाळपासून तो मारत होता. आधी हळूहळू. मला वाटलं, सांभाळतोय मला. एका म्हशीच्या अंगावर जाता जाता वाचलो. मग इथं, वळणात... एकदम पूर्ण दाबला."

बाईंनी त्याची बोटं सोडवून हात रेनकोटखाली घेतला.

"कधी पडलास?" त्यांनी विचारलं.

"धुकं आलं ना... तेव्हाच."

बाईंनी मान वर करून आपल्या गाडीकडे बघितलं. ती रस्त्यावर साइड स्टँडवर उभी होती, चढाकडे तोंड करून. घसरताना पार फिरली होती. सीटची मागची बाजू किंचित दबलेली होती. किंवा धुक्यात तसं वाटलं असेल.

"तुमच्याकडे आलाय का?" डॉक्टरनं विचारलं. अगदी हळू. कुणी ऐकू नये अशा आवाजात.

"मी खाली जाऊन माणसं घेऊन येते," बाई म्हणाल्या. "डोळे मिटू नकोस. दाढा मोजत बस सगळ्या पेशंटांच्या."

तो हसायला गेला आणि कळवळला.

गाडीजवळ येऊन बाई थांबल्या. ब्रेकचा रॉड सोडून टाकावा, हा विचार पहिला आला. पानाही हातात घेतला. पण पुढचा ब्रेक नावालाच होता, आणि एवढ्या उतारावर मागच्याशिवाय जाणं म्हणजे दरीत उडी टाकणंच. डॉक्टरच्या गाडीचं पुढचं चाक वाकलं होतं. चालत गेलं तर अंधार पडेल, आणि त्या थंडीत डॉक्टर टिकणार नाही. इंजिन बंद ठेवूनही उतार तोच आणि ब्रेकही तोच.

त्यांनी गाडी वळवली. किक मारली. सीटवर बसल्या. पाय ठेवायच्या आत पेडल थरथरलं.

ती थरथर बाईंनी ओळखली.

शिकवणाऱ्याचा पाय असा नसतो. शिकवणारा वाट बघतो, मग एकदाच आणि बेतानं दाबतो. हा पाय वेगळा होता. हजारो वेळा त्यांनी तो शेजारच्या सीटवर बघितला होता. पहिल्या दिवशीचा, घाबरलेला, काही दिसलं की दाबणारा आणि मग सोडायचं विसरणारा. दगड दिसला, दाबला. दरी दिसली, दाबला. वळण दिसलं, जीव खाऊन दाबला. यात सांभाळणं नव्हतं. ज्याला गाडी येत नव्हती असं कुणीतरी होतं ते.

"ऐक," बाई म्हणाल्या. आवाज रोजचाच काढला, स्कूलमधला. "पाय काढ आधी. पूर्ण."

काहीच झालं नाही. धुकं कानाजवळून सरकत होतं.

"मी आहे ना. काढ."

पेडल वर आलं.

"शाबास. आता मी पहिल्या गियरमध्ये सोडणार. मी सांगेपर्यंत काही करायचं नाही. कितीही भीती वाटली तरी."

गाडी उतरायला लागली. बाईंच्या पाठीला गारवा जाणवत होता, ओला टॉवेल लावल्यासारखा, आणि मानेजवळ श्वास... नव्हताच. मागे कुणी इतकं जवळ असूनही श्वास येत नव्हता, हेच जास्त जाणवत होतं.

"वळण येतंय. वळणाच्या आधी दाबायचं, वळणात नाही. आता. हळू... हळू रे... सोड."

पेडल धसकन दबलं, मागचं चाक जरा सरकलं, पण सुटलं. पुढच्या वळणाला बरं. त्याच्या पुढच्याला आणखी बरं. बाई बोलत राहिल्या. समोर बघ, पायाकडे नको. घाई कुणाला आहे? चुकलं तर चुकलं, पुन्हा कर. एका ठिकाणी त्यांनी सहज विचारलं, "कुठं जायचं होतं तुला?"

पेडल तळाला गेलं. गाडी दरीकडे ओढली गेली, कठड्याला हँडल घासलं, पत्र्यावर नख ओढावं तसं काहीतरी कर्रर्र वाजलं.

"बरं, बरं... नाही विचारत," बाई पुटपुटल्या. "नाही विचारत हं."

पेडल हळूहळू सैल झालं.

शेवटच्या वळणांना तर त्यांना सांगावंही लागलं नाही. योग्य जागी, योग्य तेवढाच दाब. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गार वाऱ्यानं आलं असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे इतकं मन लावून त्यांचं कुणी कधीच ऐकलं नव्हतं.

खालच्या गावात दवाखाना होता. माणसं धावली, दवाखान्याची गाडी वर गेली. डॉक्टरला आणलं तेव्हा तो शुद्धीत होता. पायात सळई घालावी लागली, पण पाय वाचला. दुसऱ्या दिवशी बाई त्याला भेटायला गेल्या तेव्हा त्यानं विचारलं, "गेला का?" बाई म्हणाल्या, "गेला." त्यानं डोळे मिटून घेतले. बाईंना स्वतःचंच नवल वाटलं, की आपण इतक्या पटकन कसं सांगून टाकलं.

मेकॅनिकनं मागचं चाक खोलून बघितलं. लायनर, स्प्रिंग, रॉड, सगळं जिथल्या तिथं. "बाई, गाडीत खोट नाही," तो म्हणाला. "बिनधास्त जा."

राइड तर हुकलीच होती. बाई घराकडे निघाल्या. घाट टाळून लांबच्या रस्त्यानं. स्वच्छ ऊन होतं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली मोकळी रानं, आणि फूटपट्टीनं आखावा तसा सरळ रस्ता. दोन दिवसांत पेडल एकदाही हललं नाही. गतिरोधकावर बाई मुद्दाम थोड्या उशिरा ब्रेक लावायच्या आणि वाट बघायच्या. काही नाही. पाठीला फक्त ऊन लागत होतं.

आज संध्याकाळी घरी पोचायचं. वरची खोली उघडायची. कशी झाली राइड, असं भाऊ विचारेल, आणि सांगायला घेतलं की...

"चांगला शिकला होतास हो," बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. उत्तर येणार नाही हे ठाऊक असल्यावर माणूस जसं बोलतो तसं. "ब्रेक एकदा जमला की अर्धी गाडी आली. पुढचं सोपं असतं."

लांबून एक दुधाचा टँकर येताना दिसत होता. बाई डाव्या बाजूला सरकल्या.

त्यांच्या उजव्या तळहाताखाली अ‍ॅक्सिलरेटरची मूठ फिरली. अगदी जराशी. नवशिक्याची फिरते तशी, बिचकत. मग आणखी थोडी.

बाईंनी हात उचलून घेतला.

गाडीचा वेग वाढतच राहिला.