चंद्रावरच्या घेवड्याचं पाणी

"अडलं तर लपवायचं नाही, बरं का शर्वाणी. जिथं अडलं तिथं बोट ठेवायचं आणि सगळ्यांना हाक मारायची."

विमलमावशींचं हे बोलणं आत्ता, नको त्या वेळी शर्वाणीच्या कानात घुमलं आणि तिनं पडद्यावरचं बोट झटकन मागं घेतलं. पण उशीर झाला होता. स्वतःच्या फसलेल्या प्रयोगाची चित्रफीत तिनं पुसून टाकली होती.

विमलमावशी म्हणजे 'कोडेकट्ट्या'च्या मावशी. अवकाश संशोधनातून निवृत्त होऊन त्या वर्ध्याला राहात. संध्याकाळी देवापाशी दिवा लावल्याशिवाय त्या कट्टा उघडत नसत. त्यांचा दिवा लागला की गावोगावच्या घरांतल्या भिंतपाट्या (भिंतीवर उजळणारे बोलके पडदे) झगमगायच्या आणि गणिताची, भौतिकशास्त्राची कोडी सोडवायला मुलांची झुंबड उडायची. शर्वाणी गुरव नांदखेडहून यायची, हुजैफा मालेगावहून आणि निहार तर चक्क चंद्रावरून!

निहारचे आईबाबा चंद्रावरच्या वसाहतीत काम करत. तिथं एका हवाबंद खोलीत मुलांची बाग होती. बाग आपली म्हणायला. मेथी गेली, मटार गेला. आता घेवड्याचं एकुलतं एक रोप उरलं होतं. आजचं कोडं त्या रोपाचंच होतं.

"चंद्रावरची रात्र पृथ्वीवरच्या चौदा दिवसांएवढी लांब असते," निहार सांगत होता. "उद्या ती सुरू होतेय. ऊन नाही, म्हणजे विजेची काटकसर. बागेची खोली बंद होणार, पाण्याचा पंप बंद होणार. थोडी ऊब आणि एक बारका दिवा तेवढा राहील. मागच्या अशाच लांब रात्री मी मटाराजवळ खाली भोक पाडलेला पाण्याचा कॅन ठेवला होता. आधी एवढं पाणी पडलं, की मुळं कुजली. मग धार मंदावली आणि जे जगलं होतं ते वाळलं. मला असा कॅन हवाय, जो शेवटच्या दिवशीसुद्धा पहिल्या दिवसाइतकंच पाणी देईल. आत जाऊन बघायला कुणी नसणार. सांगा लवकर!"

"भोक बारीक कर," हुजैफानं सुचवलं.

उत्तर यायला जरा वेळ लागला. चंद्रावर बोलणं पोचायला सव्वा सेकंद आणि परत यायला तेवढाच लागतो ना! "केलं होतं. मग शेवटी थेंबच पडेना."

"मग परातीसारखा पसरट कॅन घे. पाणी कमी झालं तरी उंची फारशी उतरणार नाही."

"परात? अरे, इथं मी झोपतो ती जागासुद्धा परातीएवढीच आहे!"

सगळे हसले. शर्वाणीला मात्र हसू येईना. निहारच्या कॅनला काय झालं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे अप्पा गावातल्या महादेवाच्या देवळात गुरव होते. पिंडीवर टांगलेली तांब्याची गळती (तळाला भोक असलेलं, थेंबथेंब अभिषेक करणारं भांडं) ती लहानपणापासून बघत आली होती.

"आमच्या गळतीचंही तसंच होतं," ती म्हणाली. "भरलेली असली की टपटपटपटप. रिकामी होत आली की टप... आणि मग कितीतरी वेळानं दुसरा टप."

"का बरं होत असेल तसं?" मावशींनी विचारलं.

"भोकावर जेवढं उंच पाणी उभं, तेवढा त्याचा भार जास्त. म्हणजे दाब (ठराविक जागेवर पडणारा रेटा) जास्त. पाणी उतरलं, की दाबही उतरतो."

"शाबास! मग निहारला काय हवंय, ते मांड पाहू एका वाक्यात."

शर्वाणीनं डोळे मिटले. "पाणी कमी व्हायला हवं, पण पाण्याची उंची कमी व्हायला नको."



"हे म्हणजे लाडू खायचा आणि डबा भरलेलाच ठेवायचा," हुजैफा पुटपुटला.

शर्वाणीनं दुपारी एक प्रयोग केला होता. प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडून त्यात गळतीत घालतात तशी कापसाची वात ओवली होती. थेंब छान पडू लागले. कचरा पडू नये म्हणून तिनं झाकण घट्ट लावलं आणि थोड्याच वेळात पाणी पडायचंच थांबलं! बाटली अर्धी भरलेली, भोक उघडं आणि थेंब नाही. तिनं त्याची फीत कट्ट्यावर टाकली खरी, पण खाली कुणीतरी लिहिलं, 'बंद पडलेली गळती!' ते वाचून तिचे कान तापले आणि तिनं ती पुसली.

आता पडद्याच्या कोपऱ्यात निहारचं रोप दिसत होतं. दोन पानं आणि मधे मुठीसारखा मिटलेला तिसरा कोंब. उद्या खोलीचं दार लागणार होतं.

"मावशी," शर्वाणी हळूच म्हणाली, "माझं एक फसलंय. मी ते पुसलं होतं." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

कुणी हसलं नाही. मावशी तर पुढं सरसावल्या. "पाणी का थांबलं असेल गं?"

"भोकात काही अडकलं नव्हतं. झाकण सैल केलं की परत सुरू व्हायचं. म्हणजे हवेचाच काहीतरी खेळ आहे. पाणी खाली गेलं, की वरच्या कोंडलेल्या हवेला जास्त जागा मिळते, ती विरळ होते. तिचा रेटा कमी पडतो. बाहेरची हवा मात्र भोकातून वर रेटतच असते."

"तोच वातावरणाचा दाब (आपल्याभोवतीच्या हवेचा रेटा)," मावशी म्हणाल्या. "तुझं पाणी बाहेरच्या हवेनं तळहातावर झेलून धरलं होतं."

"थांबा, थांबा!" हुजैफा ओरडला. त्याच्यामागं कुणीतरी 'हळू रे!' म्हणून दटावलं. "माझंही एक फसलंय, मी सांगितलंच नव्हतं! मी झाकण लावलं, त्याला भोक पाडून सरबत प्यायची नळी घातली आणि कडा मेणानं बंद केल्या. हवा आत जायला वाट! पण नळी लांब झाली, तिचं टोक पाण्यात बुडालं. सारखं बुडबुड, बुडबुड. मला वाटलं चुकलं, म्हणून कापून टाकली."

"कापलीस?" शर्वाणी ताडकन उठून उभी राहिली. "हुजैफा, अरे, कापलीस कशाला!"

"म्हणजे?"

"बघ ना! हवा नळीतून येते आणि खालच्या टोकाशी बुडबुडा होऊन बाहेर पडते. म्हणजे बाहेरची हवा त्या टोकापर्यंत येऊन उभी आहे. मोकळ्या पाण्याच्या वर जेवढा हवेचा दाब असतो, तेवढाच तिथं आहे. मग भोकाला काय वाटणार, पाणी तिथूनच सुरू होतंय!"

"आणि त्याच्या वर जे पाणी आहे ते?" मावशींनी विचारलं.

"ते झेललेलं आहे, माझ्या बंद पडलेल्या गळतीसारखं! त्याचा भार भोकावर येतच नाही. वरचं पाणी उतरत राहील, पण नळीचं टोक हलतंय कुठं? भोकापासून टोकाची उंची तीच, दाब तोच, थेंबही तेच!"

अडीच सेकंदांनी चंद्रावरून अशी आरोळी आली, की वर्ध्याच्या दिव्याची ज्योतसुद्धा हलली असेल.

"टोकाच्या खाली पाणी उतरेपर्यंतच, हं," मावशी म्हणाल्या. "आणि झाकणातून दुसरीकडून हवा शिरता कामा नये. आता बोलणं पुरे, करून बघा!"

शर्वाणी बाटली, नळी आणि मेण घेऊन देवळाच्या ओट्यावर धावली. अप्पा संध्याकाळचा जप करत बसले होते.

"अप्पा, तुमची माळ एकाच चालीनं चालते ना? एक माळ होईपर्यंत मी थेंब मोजते. चालेल?"

अप्पांनी भुवया उंचावल्या. "देवाचं नाव आणि तुझं घड्याळ, दोन्ही एकदम?"

"दोन्ही."

"बरं. पण मधे बोलायचं नाही." आणि त्यांनी मणी ओढला.

बाटली काठोकाठ भरलेली असताना एक माळ झाली, अर्ध्यावर आल्यावर एक आणि पाणी नळीच्या टोकापाशी पोचत आलं तेव्हा आणखी एक. शर्वाणी ओठ मिटून मोजत होती. बाटलीत मधूनच एक बुडबुडा टचकन वर जायचा, नि खाली थेंब आपले त्याच चालीत. तिन्ही माळांना थेंब सारखे भरले! एकदा दोनचा फरक पडला, पण तेवढ्यात अप्पांना शिंक आली होती.

"अप्पा!" ती किंचाळली आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून पिंडीकडे बघू लागली.

"असू दे," अप्पा हसले. "त्यालाही आनंद झाला असेल. त्याची गळती दिवसातून कितीदा भरतो मी!"

शर्वाणी धावत पडद्यापाशी परतली, पण निहारची शंका होतीच. "चंद्रावर चालेल का गं? इथं सगळ्याचं वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश."

शर्वाणी नखं खात विचार करू लागली. "खोलीत हवा आहे ना? मग झेलायला हवा आहेच. उलट पाणी हलकं, म्हणजे झेलायला सोपं. फक्त दाब कमी पडेल, थेंब मंद पडतील. तू नळीचं टोक भोकापासून जास्त वर ठेव आणि वात जरा सैल कर. रोपाला हवं तेवढं पाणी पडेपर्यंत टोक वरखाली करून बघ."

निहारनं कॅन लावला. सगळा कट्टा श्वास रोखून बघत होता. भोकापाशी पाणी फुगलं, फुगत राहिलं, मटाराच्या दाण्याएवढं झालं आणि मग कापूस पडावा तसं सावकाश खाली आलं.

"केवढा लठ्ठ थेंब!" हुजैफा म्हणाला.

"वजन कमी, म्हणून पडायची घाई नाही त्याला," निहार हसत म्हणाला. कॅनमध्ये एक बुडबुडा डुलत डुलत वर गेला. त्यानं नळी थोडी वर ओढली, पुन्हा बघितलं, पुन्हा ओढली. दुसऱ्या दिवशी तो येऊन म्हणाला, "मुद्दाम कॅन अर्धाच भरून बघितला, तरी चाल बदलली नाही. आता काठोकाठ भरलाय, या चालीनं चौदा दिवस पुरेल. दार लागायची वेळ झाली." मग म्हणाला, "रात्रभर आमचा कट्टाही बंद. मला रोप दिसणार नाही, तुमच्याशी बोलता येणार नाही. शर्वाणी, तुझी बाटली सुरू ठेवशील? रोज सकाळी बघशील? तुझी नीट चालली, तर माझीही चाललीय असं मी समजेन."

"जो नियम नांदखेडला, तोच चंद्रावर," मावशी हळूच म्हणाल्या. "म्हणूनच तर इथं बसून तिथली कोडी सुटतात, बाळांनो. पुढं मंगळावरूनही कुणीतरी हाक मारेल."

"रोज बघीन," शर्वाणी म्हणाली. पडदा मावळला.

शर्वाणीनं बाटली भरून देवळाच्या ओट्यावर ठेवली. तिच्याखाली डब्यात घेवड्याचं बी लावलं.

पहाटे अप्पा अंघोळ करून निघाले, तर शर्वाणी दारात उभी. केस नीट विंचरलेले, हातात पाण्याचा तांब्या.

"आजपासून रोज?" अप्पांनी विचारलं.

"त्याची रात्र संपेपर्यंत."

अप्पांचीही एक सकाळ कधी चुकली नव्हती. त्यांनी फक्त दार थोडं जास्त उघडलं.

डोक्यावर अर्धा चंद्र होता. अर्धा उजळ, अर्धा अंधारा. मधल्या त्या रेषेवर कुठंतरी एका बंद खोलीत एक लठ्ठ थेंब आत्ता फुगत असेल. शर्वाणीनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि पाणी सांडू न देता ती देवळाच्या वाटेला लागली.